वरणाचं पाणी आणि नातीची उंची

लहान मुलांचे तयार कपडे विकणाऱ्याला मुलाचं वय विचारावं लागत नाही. पोर आईच्या कडेवर बसून दुकानात शिरलं की आमच्या डोक्यात नंबर पडतो, आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघतो. डोणगावात माझं असं दुकान आहे. शिवाय लग्नसराईत मी माइकवर असतो. आमच्याकडे मांडवात एक माणूस माइक घेऊन उभा लागतोच. "नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन मांडवात यावं", "आडव्या लावलेल्या गाड्या पाहुण्यांनी सरळ कराव्या", "वाढप्यांनी तिसऱ्या पंगतीकडे लक्ष द्यावं", असं सगळं सांगणारा. पैसे थोडे मिळतात, पण चारशे-पाचशे माणसं आपलं ऐकतात हे सुख दुकानात नाही. घरात तर नाहीच नाही.

असा हा दोन्ही धंद्यांत मुरलेला माणूस एका संक्रांतीला आपल्याच बहिणीच्या अंगणात तोंड उघडं टाकून उभा राहिला.

बहीण माझ्याहून मोठी. मी तिला बाई म्हणतो. जानेफळच्या पलीकडे एका खेड्यात राहते. शेती आहे, घरात मुलगा, सून आणि दीड वर्षाची नात. त्या दिवशी नातीचं बोरनहाण होतं. पाटावर बसवायचं, हलव्याचे दागिने घालायचे, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतायचे आणि भोवतीच्या पोरांनी ते लुटायचे. काळा फ्रॉक आणायचं काम अर्थात माझ्याकडे. दीड वर्षाच्या मुलीला जो नंबर येतो तो मी डोळे झाकून काढला आणि पिशवीत टाकला.

सुनेनं तो पोरीला चढवला आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. फ्रॉकचा घेर पायाच्या बोटांवर लोळायला लागला, आणि पाठीमागचं बटण काही केल्या लागेना. वरून तंग, खालून लांब.

शेजारणी खूश. "काय गुबगुबीत झाली व बाई. दिष्ट काढजा."

बाईसुद्धा फुगून बसली होती, कारण ते गाल तिच्या कष्टाचे होते. आणि मी हिशेबात अडकलो. एवढ्या वर्षांत माझ्या दुकानात जाडी पोरं आली, रोड पोरं आली, उंच आली, बुटकी आली. पण ज्या मुलीला मी राखीपौर्णिमेला फ्रॉक दिला होता तिला संक्रांतीला त्याच उंचीचा फ्रॉक लागावा आणि छातीला मात्र दोन नंबर मोठा, असं गिऱ्हाईक माझ्या पाहण्यात नव्हतं. मी सुनेला म्हटलं, राखीचा तो पिवळा आण बरं. तिनं पेटीतून काढून आणला आणि पोरीच्या अंगाला नुसता लावून पाहिला. गुडघ्यावर. राखीलाही तो गुडघ्यावरच आला होता.

"पाच महिन्यांत ही वाढली नाही," मी म्हणालो.

"वाढली नाई काय म्हणतं?" बाई म्हणाली. "हातात घेऊन तं पाय. माझी कंबर धरते."

"उंचीचं म्हणतोय."

बाईनं सुनेकडं पाहिलं. सून लोणारची, चणीनं लहान. बाईच्या खांद्याला लागते.

"उंचीचं काय," बाई म्हणाली, "मायसारखी ठेंगणीच निघन. लोनारचं रगत."

सुनेनं पिवळ्या फ्रॉकची घडी केली आणि ती आत गेली. बोरं ओतायची वेळ झाली तेव्हा तिला दोनदा हाक मारावी लागली.

इथं थोडं मागचं सांगायला पाहिजे. त्या पावसाळ्यात ही नात हगवणीनं पार झिजली होती. दात येऊन राह्यले, होईल बरी, असं म्हणता म्हणता मांड्यांची कातडी लोंबायला लागली. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात अशा पोरांसाठी वेगळी खोली असते, तिथं तिला ठेवलं. सून आणि बाई दोघी जणी तिथं राहिल्या. मापानं दूध पाजायचं, थोडं थोडं, वेळेवर. बाई त्या खोलीत एखाद्या हवालदारासारखी बसायची. पोरगी वाचली. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं बाईची थोडी फजिती येणार आहे, आणि ती पोरगी वाचण्यात बाईचा अर्धा वाटा होता हे आधी नोंदलेलं बरं.

बोरनहाण आटोपल्यावर सून मला चहा द्यायला आली. कप ठेवून ती गेली नाही.

"मामाजी, एक विचारू काय? रगतानं खरंच थांबते काय उंची? इतक्या लहानपणी?"

मला ठाऊक नव्हतं. पण तिनं तो प्रश्न कसा विचारला ते मला कळलं. पोरीच्या अंगात काही कमी पडत असेल तर ते भरून काढता येईल. रक्तातच असेल तर मग काय करायचं, आणि ते घरात जन्मभर ऐकून घ्यायचं. मधे तिसरं काही नव्हतं.

मी म्हटलं, "विचारून येऊ ना. आपल्याले काय, विचारायले पैसे पडतात काय?"

पैसे पडतात. मेहकरच्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंची फी असते. पण प्रश्न एकदा डोक्यात शिरला की मला झोप लागत नाही, आणि त्या मानानं फी स्वस्तच म्हणायची.

आम्ही तिघं आणि पोरगी एसटीनं गेलो. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या, चष्मा कपाळावर ढकलून रोग्याकडे पाहणाऱ्या. त्यांनी पोरीला काट्यावर ठेवलं.

"वजन छान वाढलंय. उंची?"

"उंची काय," बाई म्हणाली, "तिच्या मायकडं पाहा ना."

डॉक्टरीणबाईंनी खरंच मायकडं पाहिलं, वरपासून खालपर्यंत, अगदी निवांत. मग म्हणाल्या, "आई ठेंगणी म्हणून दीड वर्षाचं मूल वाढायचं थांबत नाही. ते कमी वाढेल. पण वाढेल. ही थांबली आहे का, ते सांगा."

ते कुणालाच सांगता येईना. त्यांनी टेबलावरची फळी पुढं ओढली. तिला एका टोकाला डोकं टेकवायला आडवी भिंत आणि दुसऱ्या टोकाला पायाशी सरकवायची पट्टी असते. दोन वर्षांच्या आतल्या पोरांची उंची निजवून घेतात. पोरीला त्यावर आडवी करायला त्यांनी हात पुढे केला आणि बाईनं नात उचलून कडेवर घेतली.

"आडवं करून माप घेत नसतात."

"का हो आजी?"

"आडवं माप माणूस गेल्यावर घेतात. तिरडीचं."

आमच्या भागात ही समजूत आहे. माझ्या आईनंही कधी पाळण्यातल्या पोराला सुतळी लावू दिली नाही. डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. फळी बाजूला ठेवली.

तेवढ्यात सून खाली पाहत म्हणाली, "मापलं होतं एकदा. वार्डात. एकाहत्तर आन् वर दोन रेघा."

"कवा?" बाई म्हणाली.

"आत्याबाई, तुमी चहाले गेल्या होत्या."

बाईच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला वर्णन करता येणार नाही, आणि मी वर्णन करण्यावर पोट भरणारा माणूस आहे.

डॉक्टरीणबाईंच्या ओठांच्या कडा जरा हलल्या. त्यांनी विषय बदलला. "बरं, खायला काय देता?"

हा प्रश्न बाईच्या आवडीचा. तिनं बोटांवर मोजत सगळं म्हणून दाखवलं. सकाळी चहात बिस्कुट. मग साखर-तूप घालून मऊ भात. दुपारी वरणाचं पाणी, त्यात तूप, त्यात भात कुस्करून. संध्याकाळी गूळ-तूप-पोळी. रात्री पुन्हा वरणाचं पाणी.

"वरण की वरणाचं पाणी?"

"पाणी. वरचं निवळ. हात लावत नाई मी पातेल्याले, नितळू देतो आन् वरून काढतो. सगळं सत्त्व त्यातच उतरते."

"आणि खालची डाळ?"

"लेकराच्या पोटाले डाळ जड नाई काय? तुमच्याच दवाखान्यात सांगतलं."

"आमच्या नाही, सरकारी. पण काय सांगितलं?"

बाईनं शब्दन् शब्द सांगितला, कारण तिनं तो शब्दन् शब्द पाळला होता. पहिल्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की घरून डाळ, अंडं, जड काही आणून भरवू नका, तिचं शरीर ते आत्ता पेलणार नाही.

"बरोबर सांगितलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतकं खंगलेलं मूल असतं तेव्हा सुरुवातीला प्रथिनं मुद्दाम कमी ठेवतात. लिव्हर थकलेलं असतं, त्याला ते निस्तरत नाही. पण ते पहिले थोडे दिवस. भूक परत आली की उलट. मग डाळ, दूध, अंडं, सगळं वाढवत न्यायचं. घरी सोडताना सांगतात ते."

"सांगतलं होतं," सून पुटपुटली. "निघताना. घट्ट वरण द्या म्हणले. मी घरी सांगतलं होतं."

"तू सांगतलं होतं," बाई म्हणाली. "डॉक्टरनं मले कुठं सांगतलं?"

तर झालं होतं ते असं. बाईनं डॉक्टरचं ऐकलं नाही असं नाही. तिनं डॉक्टरचं इतकं ऐकलं, इतकं ऐकलं, की पहिल्या आठवड्याचा हुकूम ती चार महिने बजावत बसली. पथ्याची एकदा खूणगाठ बांधली की आमच्या घरातल्या बायका ती सोडत नाहीत. माझ्या एका चुलतीला बाळंतपणात कुणी वांगं बंद करायला सांगितलं होतं, तिनं नातवंडं झाली तरी वांगं खाल्लं नाही.

"मग पातेल्याच्या तळाचं वरण खातं कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बाई आणि सून, दोघींनी माझ्या पोटाकडे पाहिलं. मी दर रविवारी बाईकडे जेवायला असतो. मी शर्ट खाली ओढला.

इथं खरं तर आमचं काम संपलं होतं. पथ्य बदलायचं, निघायचं. बाहेर बाकावर रडकी पोरं वाट पाहत होती. पण मला चैन पडेना.

"मॅडम," मी म्हणालो, "तूप खाऊन गाल वाढले. मग तेच तूप हाडाला का नाही लागलं? पोटात गेलेलं पोट वाटून देत नाही का सगळ्यांना?"

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली आणला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही काय करता?"

मी दोन्ही धंदे सांगितले.

"मग तुम्हाला सोपं आहे. मूल उंच कसं होतं? डोक्यात, मेंदूच्या खाली, वाटाण्याएवढी गाठ आहे. ती एक संप्रेरक सोडते. वाढीचं. ती म्हणजे तुम्ही. माइकवर."

मी खुर्चीत सरसावून बसलो.

"तुम्ही माइकवरून सांगता, पंगत वाढा. पण तुम्ही स्वतः वाढता का?"

"छे."

"तुमचं ऐकून आचारी वाढप्यांना इशारा देतो, तेव्हा पंगत सुरू होते. तो आचारी म्हणजे लिव्हर. गाठीचं ऐकून लिव्हर दुसरं एक संप्रेरक बनवतं, आणि हाडांची टोकं मुख्यतः त्या दुसऱ्याच्या जोरावर लांब होतात. आता समजा, आचाऱ्याच्या कोठीत डाळच नाही."

"तर तो इशारा करणार नाही. काय वाढायला सांगेल?"

"बरोबर. भात आहे, तूप आहे, साखर आहे. पण डाळ नाही. लिव्हर ते दुसरं संप्रेरक पुरेसं बनवत नाही. हाडं बसून राहतात, हात धुऊन. मिळालेलं तूप-साखर मात्र चरबी होऊन गालावर बसतं. आता मला सांगा, जेवण उशिरा व्हायला लागलं की माइकवरचा माणूस काय करतो?"

मला हसू आवरेना. कारण याचं उत्तर माझ्याइतकं जिल्ह्यात कुणाला ठाऊक नसेल. "तो जास्त ओरडतो."

"तसंच होतं. अशा मुलांच्या रक्तात गाठीचं संप्रेरक बऱ्याचदा कमी नसतं, उलट जास्त सापडतं. गाठ ओरडून ओरडून सांगते, वाढा. कुणी ऐकत नाही. डाळ आली, आचाऱ्यानं इशारा दिला, की मग ती आपोआप आवाज कमी करते."

मी थक्क होऊन त्या पोरीकडे पाहिलं. ती बाईच्या कडेवर अंगठा चोखत बसली होती. एवढ्याशा डोक्यात कुणीतरी आपल्याच धंद्यातला माणूस चार महिने घसा फोडून ओरडतो आहे आणि आम्ही बाहेर तिच्या गालांचं कौतुक करतो आहोत, या विचारानं मला गंमतही वाटली आणि कसंसंही झालं.

"मग दुप्पट डाळ दिली तर?" मी विचारलं. "दुप्पट लवकर?"

"तुम्ही दोन माइक लावले तर नवरदेव दोनदा येतो का?"

"नाही."

"गरजेपुरती प्रथिनं लागतात, पण नुसती नाहीत. भात, तूपही हवंच. नाहीतर शरीर ती डाळ चुलीत घालतं, सरपणासारखी. हगवण परत होऊ द्यायची नाही. आणि नुसत्या तुरीवर विसंबू नका, मूग, हरभरा, शेंगदाणा, दूध, सगळं आलटून पालटून. दुधाचं तर असं दिसतं की ते या वाढीच्या संप्रेरकाला जरा जास्तच हलवतं. का, ते अजून पुरतं कळलेलं नाही. दूध देता ना?"

"देतो ना," बाई म्हणाली. "चहात."

"अंडं?"

बाईनं गळ्यातली तुळशीची माळ दोन बोटांनी वर उचलून दाखवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं, फुटाणे."

उठताना सुनेनं विचारलं, "आन् राह्यलेली उंची भरून निघन काय?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला. "बरीचशी निघू शकते. सगळी निघेल असं मी म्हणणार नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत शरीर मागची बाकी भरून काढायला तयार असतं, नंतर ते अवघड होतं. म्हणून आता वेळ घालवू नका. आणि माप घ्या. गावात अंगणवाडीत फळी आहे. आता थांबली आहे का कळेल, पुढं चालली का तेही कळेल. काट्यानं तुम्हाला फसवलंय."

परतीच्या एसटीत बाई खिडकीकडं तोंड करून बसली. जानेफळ यायच्या आत एकच वाक्य बोलली, "चहाले गेली होती म्हणे."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी पुन्हा बाईच्या दारात. फळीचं काय ते आजच ठरवायचं होतं. सून तयार, पोरगी तयार, भाचा शेतात पळालेला, कारण तो आई आणि बायकोच्या मधे कधीच सापडत नाही. बाई खांबाला टेकून बसलेली.

"बाई, डॉक्टरनं काय सांगतलं? अजून वेळ हाये, पण वेळ घालवू नका. मापाशिवाय कळन कसं?"

"हुभं धरून मापा."

"उभी धड राहते काय ती? गुडघे वाकवते. चुकीचं येईन."

नातीनं बाईच्या पदराचं टोक तोंडात घातलं होतं, ते बाईनं काढून घेतलं. मग म्हणाली, "तिच्या आधी तू नीज."

"मी?"

"आधी मोठ्या माणसाचं माप घ्यायचं. काही लागायचं असन तं तुले लागन. मंग तिचं घ्या."

"वा. म्हणजे मी मेलो तं चालते?"

"तुवं वय झालं भाऊ. आन् डाळबी तूच खाल्ली."

माझ्या बहिणीचं हे एक मला फार आवडतं. ती रूढी मोडत नाही, पण तिच्यात खिडकी पाडते.

आम्ही वरातीसारखे अंगणवाडीत गेलो. अंगणवाडीच्या बाई तिथल्याच, माझ्या गिऱ्हाईक. त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांनी फळी जमिनीवर मांडली आणि मला म्हणाल्या, "निजा भाऊ. फळी मोडू नका म्हणजे झालं, सरकारी हाय." मग मी, कानावर पांढरे केस आलेला, शंभर मांडव गाजवलेला माणूस, बारक्या पोरांच्या फळीवर आडवा झालो. डोकं भिंतीला टेकलं आणि फळी माझ्या मांडीपाशी संपली. पुढचा सगळा मी जमिनीवर. अंगणवाडीतली पोरं भोवती गोळा झाली. एकानं माझ्या पोटाला बोट लावून पाहिलं. बाई गंभीरपणे म्हणाली, "पट्टी सरकवा. नाई तं माप झालं कसं म्हणायचं?" अंगणवाडीच्या बाईंनी पट्टी माझ्या मांडीला आणून लावली आणि आकडा मोठ्यांदा वाचला. अशा प्रकारे सरकारी फळीनुसार माझी उंची मीटरभर भरली. बाईचं समाधान झालं.

मग पोरीला निजवलं. मी उठून बसलो होतो त्यामुळे ती माझ्याकडेच पाहत होती, आणि मी तोंडं करत होतो म्हणून ती रडली नाही. सुनेनं डोकं धरलं, अंगणवाडीच्या बाईंनी गुडघे हलकेच दाबले, पट्टी तळव्यांना टेकली.

"एकाहत्तर. वर पाच रेघा."

तीन रेघा. चार महिन्यांत तीन रेघा. नखाच्या टोकाएवढं. सुनेचा चेहरा असा झाला की ते दुःख आहे की सुटका आहे ते मला ठरवता येईना. मला वाटतं दोन्ही असावं. रक्तानं पोर हळू वाढतं, थांबत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आणि ही थांबली होती.

बाईनं तो आकडा ऐकला आणि ती अंगणवाडीच्या पायरीवर बसली. "चार महिने," ती स्वतःशीच म्हणाली. "चार महिने म्या पाणीच पाजलं."

सूनच तिच्या शेजारी जाऊन बसली. "तूप बी पाजलं आत्याबाई. अंगात ताकत आली तिच्या. आता डाळ चालन तिले."

पुढच्या काही महिन्यांचं सविस्तर सांगत बसत नाही, पण बाईनं मोर्चा फिरवला म्हणजे फिरवलाच. पूर्वी पातेल्याला हात न लावणारी बाई आता पळी तळापर्यंत घालून खरवडायची. हरभऱ्याचे फुटाणे दळून त्याचं पीठ डब्यात भरलं, ते दुधात शिजवून सकाळी. मुगाची खिचडी, मऊ, पण डाळ दिसेल अशी. शेंगदाण्याचा कूट भाजीत. सोयाबीन आमच्या भागात पोत्यांनी पिकतं आणि पोत्यांनी बाहेर जातं, त्यातलं थोडं गव्हात मिसळून दळून पोळीला. दूध वाटीत, आणि चहा बंद. चहा बंद झाल्याचा पोरीनं दोन दिवस निषेध केला. मधे एकदा बाईनं उत्साहात एवढं दाबून खाऊ घातलं की पोरगी ओकली, तेव्हा मी तिला नवरदेव दोनदा येत नाही ही गोष्ट पुन्हा सांगितली. सुनेनं मात्र एक गोष्ट धरून ठेवली. पाणी उकळून, हात धुऊन, भांडं धुऊन. हगवण परत होऊ द्यायची नाही म्हणजे नाही. आणि ती कुणाचं ऐकेना, बाईचंसुद्धा नाही. बाईनंही ते चालवून घेतलं.

माझं रविवारचं जेवण चालू राहिलं, पण वरण पातळ झालं.

मग लग्नसराई आली आणि मी दिसेनासा झालो. त्या हंगामात मांडवात उभा असताना एक विचित्र सवय लागली. जेवणाला उशीर झाला आणि माझा आवाज चढायला लागला की मला त्या वाटाण्याएवढ्या गाठीची आठवण यायची. एकदा तर मी माइक खाली ठेवून सरळ आचाऱ्याकडे गेलो. म्हटलं, ओरडून काय उपयोग, आधी कोठीत डाळ आहे का ते पाहावं. डाळ होती, आचारी झोपला होता. प्रत्येक वेळी शास्त्र लागू पडतं असं नाही.

ज्येष्ठात एके सकाळी बाईचा फोन. "ये. माप घ्यायचं हाये. पुढच्या महिन्यात तिले दोन वरीस होतात, मंग हुभं घेतात म्हणे. मांगचं माप आडवं, आताचंबी आडवंच पायजे. नाई तं जमन कसं?"

बाईनं हे सगळं अंगणवाडीत जाऊन विचारून ठेवलं होतं. मी गेलो. या वेळी मला निजायला कुणी सांगितलं नाही. मीच विचारलं, "मी आधी?" बाई म्हणाली, "बस झाले तुये नाटकं."

पोरगी आता पळत होती. तिला धरून आणणं हाच एक कार्यक्रम. सुनेनं तिला फळीवर निजवलं आणि डोकं धरलं. बाई पायांच्या बाजूला गुडघे टेकून बसली होती आणि पट्टी कुठं येते तिकडे डोळे लावून होती, जशी काही तिच्या पाहण्यानं ती पुढं सरकणार होती.

"सत्त्याहत्तर," अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या. "सत्त्याहत्तर, बरोबर रेघेवर."

मी मनात वजाबाकी केली आणि ती दोनदा करून पाहिली. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, की वयाच्या मानानं अजून मागेच आहे, पण चालली आहे, जोरात चालली आहे.

सुनेनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "ताई, अजून एकडाव मोजा ना."

"बरोबर हाय, मी नीट पाह्यलं."

"बरोबर हाये, माहीत हाये. तरी मोजा."

त्यांनी पुन्हा पट्टी सरकवली आणि पुन्हा तोच आकडा मोठ्यांदा सांगितला. सून तो ऐकत होती, नुसता ऐकत होती. बाईनं तिच्याकडं पाहिलं, काहीतरी म्हणावं असं तिच्या मनात आलेलं मला दिसलं, पण तिनं ते गिळलं आणि फक्त सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

तोवर पोरगी उठून बसली होती. सगळे आपल्याकडे पाहत आहेत हे तिला कळलं. तिनं आईकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मग कुणी न सांगता आपणच फळीवर आडवी झाली, पाय सरळ केले आणि पट्टीची वाट पाहत पडून राहिली.